डोळे थरथरतात ते ठीक, केस पिंजारतात ते नाही

वाचकाचं पत्र:

सातवीतल्या मुलाच्या हट्टापायी आम्ही दोन उंदीर पाळले, ढगू आणि बटण. सख्खे भाऊ, दोघेही नर. आले तेव्हा दीड महिन्याचे होते, आता सात महिन्यांचे आहेत. आधी सगळं छान होतं. गेल्या महिनाभरात ढगू बदललाय. पिंजऱ्यात हात घातला की चावतो. दोनदा रक्त आलं, एकदा मला, एकदा मुलाला. बाहेर काढला की तोच ढगू मुलाच्या खांद्यावर शांत बसतो. मांडीवर घेतला तर कराकरा दात खातो आणि त्याचे डोळे आत-बाहेर उडायला लागतात. फिट येते की काय, या भीतीने मला रडू फुटतं. रात्री दोघांची मारामारी चालते, बटण किंचाळतो. ढगू कधीकधी अंग फुगवून लोकरीच्या गोळ्यासारखा फिरतो, तेवढाच काय तो गोड दिसतो. बटणच्या नाकाशी अधूनमधून रक्त दिसतं. शिवाय अंगावरून चालताना दोघेही थेंब थेंब शू करतात. घरातले म्हणतात, ढगू चावरा झाला, त्याला देऊन टाका, नाहीतर दोघांना कायमचं वेगळं ठेवा. मुलगा ऐकायला तयार नाही. काय करू?

उत्तर:

प्रिय ताई,

आधी तुमच्या आणि मुलाच्या जखमेचं. उंदीर चावून रक्त आलं की वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, उंदीर पाळीव असला तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते ते विचारतील. चावल्यानंतर साधारण तीन ते दहा दिवसांत, क्वचित तीन आठवड्यांपर्यंत, ताप, थंडी, अंगावर पुरळ किंवा सांधेदुखी सुरू झाली तर ‘उंदीर चावला होता’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उंदराच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे होणारा एक ताप आहे. तो वारंवार होत नाही आणि प्रतिजैविकांनी बरा होतो, पण डॉक्टरांना उंदराचं माहीतच नसेल तर ओळखायला उशीर होतो.

आता तुमचं पत्र. मी ते तीनदा वाचलं, कारण त्यात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकली. ज्याला तुम्ही घाबरलात ती ढगूच्या सुखाची खूण आहे, आणि जे तुम्हाला गोड वाटलं तीच काळजीची गोष्ट आहे. यात तुमची चूक काहीच नाही. आपण उंदराकडे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या नजरेने बघतो आणि त्याच्या अंगावरची भाषा वेगळी असते.

आपल्याकडे दात खाणं म्हणजे राग. उंदराचं तसं नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते एकमेकांवर घासून तो त्यांची धार आणि लांबी राखतो, आणि अंग सैल पडलं, कोणी कानामागे खाजवलं, ऊबदार मांडी मिळाली की हे घासणं आपोआप सुरू होतं. मांजर खुशीत घुरघुरतं तसंच समजा. जबडा चालवणारा एक स्नायू उंदराच्या डोळ्याच्या मागून जातो. जबडा भराभर हलला की तो स्नायू डोळ्याला मागून धक्के देतो आणि डोळा आत-बाहेर थरथरतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, हे मान्य. पण मुलाच्या मांडीवर ढगूचे डोळे असे नाचत असतील तर तो त्या क्षणी अगदी निश्चिंत आहे. फिट येते तेव्हा शरीरावरचा ताबा जातो, उंदीर एका अंगावर पडतो, पाय ताठ होतात. ते दिसलं तर वेळ न घालवता दवाखाना.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दुखत असतानाही उंदीर दात घासतो. तेव्हा पाठीला कुबड काढून बसलेला असतो, डोळे अर्धवट मिटलेले असतात, खाण्याकडे लक्ष नसतं. तेव्हा नुसत्या दातांवर जाऊ नका, सगळा उंदीर बघा.

आता तो लोकरीचा गोळा. केस पिंजारून अंग फुगवणं म्हणजे ‘मी मोठा आहे, वाटेत येऊ नका’. त्यासोबत तो बटणकडे तोंड न करता खेकड्यासारखा बाजू देत तिरका सरकत असेल, शेपटीचं टोक फटकारत असेल, नाकातून फुसफुस सोडत असेल, पिंजऱ्याच्या कडांना कुशी घासत असेल, तर हा डोक्यात हार्मोन चढलेला तरुण नर आहे. नर उंदीर साधारण पाच-सहा महिन्यांचे झाले की काही जणांमध्ये हा काळ येतो. सगळ्यांत येत नाही, आणि आला तरी काहींचा आपोआप ओसरतो. ढगूचं वय आणि तुम्ही सांगितलेला महिना बरोबर जुळतो. तो वाईट झालेला नाही, वयात आलाय. अशा फुगलेल्या उंदराला ‘किती गोंडस’ म्हणून उघड्या हाताने उचलायला जाऊ नका. त्याचा फुगारा उतरेपर्यंत थांबा.

रात्रीच्या मारामारीतही दोन प्रकार असतात, आणि तेवढे ओळखता आले की तुमचा अर्धा घोर उतरेल. उंदरांच्या कुस्तीत खेळ असतो तेव्हा दोघांचं लक्ष्य मानगूट असतं. एकजण नाकाने दुसऱ्याची मान गाठतो, तो उलटा पडतो, वरचा त्याला दाबून धरतो, मग दोघे सुटतात आणि पुन्हा तेच. खालचा बऱ्याचदा चीं चीं करतो. त्याला काही लागलेलं नसतं, ‘पुरे’ एवढंच तो म्हणत असतो. खरी भांडणं पाठीच्या मागच्या भागावर, पुठ्ठ्यांवर आणि कुशीवर चालतात, तिथे दात लागतात. तेव्हा बटणच्या अंगावर फुंकर मारत केस बाजूला करून बघा. कमरेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी खपल्या आहेत का? नसतील तर बराचसा दंगाच आहे. दोन-तीन किंवा जास्त असतील तर ढगू मर्यादा सोडतोय.

दुसरी खूण म्हणजे त्यानंतर काय होतं. खेळून झाल्यावर उंदीर एकमेकांना चाटतात, एकाच झोपाळ्यात एकमेकांवर पडून झोपतात. बटण वेगळा, वरच्या कोपऱ्यात एकटा झोपायला लागला असेल, ढगू खात असताना भांड्याकडे येत नसेल, तर तो त्रासात आहे. सात रात्री अर्धा-अर्धा तास बसून बघा. मंद लाल दिवा लावलात तर त्यांना तो फारसा जाणवत नाही आणि तुम्हाला पुरेसं दिसतं. मुलाला वही द्या. किती वाजता, कोणी सुरुवात केली, आधी काय घडलं, शेवटी काय झालं, एवढंच लिहायचं. आठवड्यातून एकदा दोघांचं वजन स्वयंपाकघरातल्या तराजूवर करा. बटणचं वजन उतरायला लागलं तर ती सगळ्यात पक्की साक्ष.

आपल्या कानांनी मात्र यातलं बरंच सुटतं. माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. उंदीर खुशीत असताना 50 किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाज काढतात आणि घाबरले की 22 किलोहर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे दोन्ही आपल्या आवाक्याबाहेर. याक पांक्सेप या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांना गुदगुल्या केल्या तेव्हा ते हेच 50 किलोहर्ट्झचे आवाज काढू लागले आणि गुदगुल्या करणाऱ्या हातामागे धावू लागले. मला हे नेहमी आठवतं. आपल्याला शांत वाटणारा पिंजरा बहुधा गप्पांनी भरलेला असतो.

आता चावण्याकडे येते. ढगू बाहेर चावत नाही, फक्त पिंजऱ्यात चावतो, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. हा उंदीर माणसांना कंटाळलेला नाही, नाहीतर खांद्यावर बसला नसता. पिंजऱ्यात येणाऱ्या हाताशी त्याचं काहीतरी बिनसलंय. हात आत जाण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत काय घडतं ते आठवून बघा.

तुमच्याकडे कोणी गजांमधून खाऊ देतं का? माझ्या पहिल्या उंदराला मी रोज तसाच खाऊ द्यायची. एके दिवशी माझ्या भाचीने सहज म्हणून गजातून बोट घातलं आणि त्याने ते कडकडून धरलं. त्या बिचाऱ्याला मी कितीतरी दिवस दुष्ट समजले. गजातून येतं ते खायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं, हे फार उशिरा लक्षात आलं आणि त्याची आजही खंत वाटते. उंदराची नजर अधू असते. लाल डोळ्यांच्या उंदरांची तर फारच. तो जग ओळखतो ते नाकाने आणि मिशांनी. खाण्याचा वास लागलेलं बोट आणि खाऊ यांत अंधारात त्याला फरक करता येत नाही. म्हणून गजातून खाऊ आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनासुद्धा. पिंजऱ्याला हात लावण्याआधी हात धुवा.

हात वरून येतो का? लहान जनावरावर वरून झडप घालतात ती घार आणि मांजर. हात नेहमी समोरून, खालच्या बाजूने आणि आधी आवाज देऊन न्या. झोपलेल्या उंदराला तर कधीच एकदम धरू नका. दार उघडताना रोज एकच शब्द म्हणा, नेहमीच्या सुरात. आठवड्याभरात त्या शब्दाला कान टवकारले जातील.

आणि तिसरं, ढगूच्या बाबतीत मला सगळ्यात मोठं वाटतं ते: पिंजरा हे सध्या त्याचं संस्थान आहे. तुमचा हात त्यात घुसतो, भांडी हलवतो, अंथरूण उचलतो, त्याचे सगळे वास पुसून टाकतो. म्हणून काही आठवडे आतून उचलणं थांबवा. दार उघडा, दाराशी एखादी टोपली किंवा बोगदा धरा, हाक मारा, तो स्वतः बाहेर येऊ दे. बाहेर आला की लगेच चमच्याने काहीतरी मऊ चाटायला द्या. चमचाच बरा, कारण तिथे दात लावायला बोट नसतं. पिंजऱ्यातली सगळी कामं ते दोघे बाहेर असतानाच करा. सफाई करताना सगळंच एकदम धुऊन काढू नका. जुन्या अंथरुणाचं मूठभर परत टाका. नाहीतर स्वच्छ, परक्या वासाच्या घरात परतलेला ढगू पुन्हा सगळीकडे खुणा करत सुटेल आणि त्या दिवशी बटणवर जास्त खेकसेल.

चावला म्हणून टिचकी मारू नका, तोंडावर फुंकर मारू नका, शेपटीला धरून तर कधीही उचलू नका. शेपटीची कातडी सोलवटून निघते आणि ती परत येत नाही. शिक्षेतून उंदीर एवढंच शिकतो की हात आला की दुखतं.

आता बटणच्या नाकाजवळचं ‘रक्त’. ते बहुतेक रक्त नाहीच. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात लालसर रंगद्रव्य असतं, त्याला पॉर्फिरिन म्हणतात. ते डोळ्याच्या कोपऱ्यात आणि नाकाशी वाळलं की हुबेहूब रक्तासारखं दिसतं. निरोगी उंदीर दिवसभरात तोंड धुता धुता ते पुसून टाकतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसायला लागलं याचा अर्थ एकतर ते जास्त येतंय किंवा त्याने स्वतःला चाटणं-पुसणं सोडलंय. ताण आणि आजार या दोन्हींत तसं होतं. ढगूने बेजार केलेल्या बटणला ताण असणार हे उघड आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होणारे श्वासाचे आजार फार आढळतात. बटणला कानाशी धरून छातीचा आवाज ऐका. कडकड, घरघर किंवा सूं सूं ऐकू आली, शिंका थांबत नसल्या, तर या आठवड्यात डॉक्टर. श्वास घेताना कुशी आत ओढल्या जात असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी. पिंजऱ्यात देवदार किंवा पाइनचा लाकडी भुसा असेल तर काढून टाका आणि कागदाचं अंथरूण घाला. त्या लाकडाचा उग्र वास आणि साचलेल्या मूत्राचा अमोनिया, दोन्ही त्यांच्या छातीला घातक.

शूच्या थेंबांचं तुम्हाला आवडणार नाही असं उत्तर आहे: ते थांबत नाही. ओळखीच्या वाटेवर आणि ओळखीच्या माणसावर वासाची खूण ठेवणं हा त्यांचा स्वभाव आहे, नर ती जास्त ठेवतात. अंगावर एक जुना पंचा टाकून बसा. लेंड्यांचं मात्र जमतं. ज्या कोपऱ्यात ते जास्त जातात तिथे खोलगट भांडं ठेवा, त्यात थोड्या लेंड्या टाका, बरेच उंदीर ती जागा धरतात.

आता घरातल्यांच्या मताकडे. कायमचं वेगळं करू नका, निदान इतक्यात नाही. उंदीर कळपात राहणारा जीव आहे. एकटा राहिला की तो मलूल होतो, आणि आपण कितीही वेळ दिला तरी रात्री दोन वाजता त्याचे कान चाटायला आपण नसतो. 2011 मध्ये शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नळीत अडकलेल्या सोबत्याला सोडवण्यासाठी मोकळे उंदीर नळीचं दार उघडायला आपणहून शिकले. शेजारी चॉकलेट असलेली दुसरी नळी ठेवली तेव्हाही त्यांनी सोबत्याला सोडवलं आणि बऱ्याचदा चॉकलेटही वाटून खाल्लं. भावांना तोडण्याआधी हे डोळ्यांपुढे ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तात्पुरतं वेगळं करायची वेळ मात्र येऊ शकते. दोघे गुंडाळी होऊन गडगडत असतील, केस उडत असतील, रक्त दिसलं असेल, तर थांबायचं नाही. पण हात मध्ये घालू नका. जाड टॉवेल टाका किंवा मध्ये ताट सारा. मग शेजारी-शेजारी दोन पिंजरे, नाकाला नाक लागणार नाही इतकं अंतर ठेवून, कारण गजांमधून नाक-बोटं चावली जातात. काही दिवसांनी जिथे दोघेही कधी गेले नाहीत अशा जागी थोडा वेळ एकत्र सोडा. तिथे ढगूचं संस्थान नसतं.

हे सगळं तीन-चार आठवडे मनापासून करूनही ढगू केस पिंजारून तुमच्यावर धावून येत असेल, किंवा बटणच्या अंगावर नव्या जखमा दिसत असतील, तर त्याची नसबंदी करा, म्हणजे वृषण काढण्याची शस्त्रक्रिया. हार्मोनमुळे आलेल्या आक्रमकपणावर हा खरा उपाय आहे. छोट्या प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टरच शोधा, हे विचारायला संकोच करू नका. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे भूल देण्याआधी कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायची गरज सहसा नसते. गुण दिसायला काही आठवडे लागतात, दुसऱ्याच दिवशी ढगू बदलेल अशी आशा धरू नका. ‘एक मादी आणा, शांत होईल’ असा सल्ला कोणी दिला तर कानावरून जाऊ द्या. गर्भारपण 21 ते 23 दिवसांचं असतं, एका वेळी दहा-बारा पिल्लं सहज होतात.

देऊन टाकण्याबद्दल एवढंच म्हणेन की चावणारा उंदीर जिथे जाईल तिथे हीच तक्रार होईल, आणि ते घर त्याला समजून घ्यायचा प्रयत्न करेल याची खात्री नाही. पाळीव उंदीर दोन ते तीन वर्षं जगतो. मुलगा ऐकत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण मला तो बरोबर वाटतो. त्याला जबाबदारीतला नेमका वाटा द्या. वही त्याची, हाक मारणं त्याचं, संध्याकाळचा मोकळा तास त्याचा. पिंजऱ्यात हात घालणं सध्या फक्त मोठ्यांचं.

त्या तासाची जागा आधी नीट बघून घ्या. वायरी उचलून ठेवा, फटी बुजवा. मग कागदाच्या गोळ्यांनी भरलेलं खोकं द्या, त्यात दाणे लपवा. आणि मुलाला लपाछपी खेळायला सांगा. बर्लिनमधल्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये दाखवलं की उंदीर माणसाबरोबर लपाछपी शिकतात, लपण्याचं काम वेगळं आणि शोधण्याचं वेगळं हेही त्यांना कळतं, आणि बक्षीस म्हणून खाऊ नव्हे, गुदगुल्या पुरतात. लपलेले असताना ते आवाजही कमी करतात. दमलेला, डोकं चालवून आलेला ढगू रात्री बटणच्या वाटेला कमी जाईल.

आज रात्री आधी बटणची पाठ तपासा आणि छाती ऐका, बाकीचं उद्यापासून. तीन आठवड्यांनी वहीतल्या नोंदी आणि दोघांची वजनं मला नक्की पाठवा. मी वाट बघते.